पन्नाशीतले केस आणि सकाळची दहा मिनिटे

पार्लरच्या खुर्चीत बसलेली पंचेचाळीस-पन्नाशीची बाई बहुतेक वेळा एकच मागणी करते : 'चेहऱ्याला शोभेल आणि सकाळी पटकन आवरेल असं काहीतरी करा.' मागणी अगदी रास्त आहे. उत्तर मात्र पुष्कळदा कात्रीऐवजी बाटलीतून येते. स्मूदनिंग करून घ्या, केराटिन करून घ्या, रंग लावा आणि महिन्याने पुन्हा या. सोय शोधायला गेलेली बाई आणखी एक काम गळ्यात बांधून घेऊन घरी परतते. या वयात पैसे आणि वेळ खर्च करायचाच असेल, तर तो आधी एका चांगल्या कटवर करावा. बाकीच्या बहुतेक गोष्टींची गरज मग आपोआप कमी होते.

त्यासाठी चाळिशीनंतर केसांत काय बदलते, हे समजून घ्यायला हवे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग तीनेक महिने विश्रांती घेऊन गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे या हिशेबात नैसर्गिकच आहे. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास थांबते. त्या सुमारास इस्ट्रोजेन कमी झाले की केसाच्या वाढीचा काळ आखूड होतो आणि पुष्कळ जणींचा नवा केस आधीपेक्षा बारीक येतो. भांग रुंद दिसू लागतो तो यामुळे. टाळूतल्या तैलग्रंथी मंदावतात, केस कोरडे पडतात. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी संपत गेल्या की केस पांढरा येतो आणि तो अनेकदा राठ लागतो, विंचरला तरी उभाच राहतो. तिशीत छान बसणारा स्टेप कट आता बसत नाही, यात पार्लरवालीचा हात बिघडलेला नसतो. कापडच बदलले आहे, तर माप नव्याने घ्यायला हवे.

लांबीचा हिशेबही करून पाहावा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब वेणीचे टोक पाच वर्षांचे असते. त्याने पाच पावसाळे, शेकडो वेळा धुणे, बोअरवेलचे जड पाणी आणि रोजचा कंगवा सोसलेला असतो. ते टोक विरळ आणि दुभंगलेले असणारच. कोणतेही तेल किंवा सीरम त्याला पुन्हा जोडू शकत नाही. शिवाय बारीक झालेले केस लांब ठेवले की स्वतःच्या वजनाने डोक्याला चिकटून खाली ओढले जातात आणि टाळू अधिक दिसते. तेच केस खांद्यापर्यंत कापले की फुगून उभे राहतात. कापल्याने केस दाट होत नाहीत, दाट दिसतात. पण आरशासमोर तेवढे पुरते.

एवढे साधे गणित असूनही कापण्याचा निर्णय कठीण जातो, कारण आपल्याकडे बाईचे केस तिच्या एकटीचे कधी नव्हतेच. 'या वयात बॉबकट?' हा प्रश्न सासूबाई विचारतात, नवरा विचारतो, कधी मुलगीही विचारते. विधवेच्या केशवपनाची प्रथा मोडायला महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात सुधारकांना झगडावे लागले होते. आखूड केसांशी जोडलेली अशुभाची छाया तेव्हापासून पुरती गेलेली नाही. दुसऱ्या बाजूला इंदिरा गांधींचे आखूड केस आणि त्यातली पांढरी बट साऱ्या देशाने वर्षानुवर्षे पाहिली, आणि ते केस वयाला शोभत नाहीत असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. 'वयाला शोभेल' हा निकषच मुळात पोकळ आहे. केसांची जाडी, त्यांचे नैसर्गिक वळण, चेहरा आणि सकाळी हाताशी असलेली मिनिटे, एवढे चार निकष पुरेसे आहेत.

आता कट कोणता, हा मुद्दा. आखूड म्हणजे बिनत्रासाचे, हा समज अर्धवट आहे. अगदी बारीक बॉयकट महिना-दीड महिन्यात आकार सोडतो, म्हणजे वर्षाला आठ-दहा फेऱ्या आल्या. हनुवटीपर्यंतचा बॉब साधारण दोन महिने टिकतो. खांद्याला टेकणारे, टोकाला सरळ कापलेले केस तीन-चार महिने सहज निभावतात आणि स्वयंपाकघरात किंवा उकाड्यात क्लचर लावून वर घेता येतात. ज्या बाईला पार्लरला जायलाही सवड नाही, तिच्यासाठी ही लांबी सर्वांत सोयीची. पुण्या-नाशकात रोज स्कूटर चालवणारीला आणखी एक गोष्ट पाहावी लागते : हेल्मेट काढल्यावर बोटे फिरवून केस जागेवर येतात का. वरच्या थरात फार लेअर असतील तर ते चपटे होऊन चिकटतात आणि खालचे तेवढे बाहेर डोकावतात. विरळ केसांत लेअर मोजकेच हवेत, नाहीतर टोके शेपटीसारखी दिसतात. दाट आणि कुरळ्या केसांचे उलट. त्यांना लेअर दिले नाहीत तर त्रिकोणी छत्री होते. भांग वर्षानुवर्षे एकाच जागी असेल तर तो बोटभर सरकवावा. फुकटातला हा उपाय रुंद भांगाला पुष्कळ झाकतो. कपाळ मोठे वाटू लागले असेल तर बाजूला वळणाऱ्या लांबट बटा बऱ्या. भुवईवर सरळ कापलेल्या बटा दर तीन आठवड्यांनी कापाव्या लागतात आणि मे महिन्यात घामाने कपाळाला चिकटतात.

ज्या कटला रोज इस्त्री किंवा ड्रायर लागतो, तो बिनत्रासाच्या यादीतून काढून टाकावा. केस गरम करून सरळ होतात, कारण केराटिनमधले हायड्रोजन बंध तात्पुरते सुटून नव्या आकारात जुळतात. हवेतला ओलावा ते पुन्हा सोडवतो. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर ही मेहनत घरातून निघून स्टेशनपर्यंतसुद्धा टिकत नाही. केसांचे वळण जसे आहे तसे धरून कापून घेणे हाच त्यावरचा मार्ग.

हवेवर मात करण्यासाठी मग रसायने येतात, आणि इथे प्रश्न दिसण्याच्या पलीकडे जातो. केस सरळ करणाऱ्या काही उत्पादनांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. 'फॉर्माल्डिहाइडमुक्त' लिहिलेल्या काही बाटल्यांत त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. तीन वेळा केस सरळ करून घेतल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. हे आम्ल त्वचेतून शरीरात जाऊन ऑक्झलेटचे स्फटिक तयार करत असावे, असे संशोधकांना आढळले. अशा घटना मोजक्या आहेत, हे खरे. पण उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या बाईने सकाळची दहा मिनिटे वाचवण्यासाठी हा धोका पत्करावा, असे त्यात काही नाही.

रंगाचे गणितही वेळेचेच. महिन्याला एक सेंटिमीटर वाढ म्हणजे तिसऱ्या आठवड्यात भांगात पांढरी रेघ. एकदा सुरू केलेला काळा रंग हा दर महिन्याचा हप्ता असतो. रंग लावायचाच असेल तर पॅराफेनिलीनडायअमिन या घटकाची अॅलर्जी ध्यानात ठेवावी : कानामागे थोडासा लावून ४८ तास थांबावे. आजवर त्रास झाला नाही म्हणून पुढे होणार नाही असे नसते, आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हाच घटक असतो. रंग सोडायचा असेल तर इथेही कात्रीच मदतीला येते. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण नैसर्गिक व्हायला दोन वर्षे लागतात; हनुवटीपर्यंत कापले तर एक-दीड वर्षात दुरंगी अवस्था संपते.

लांब केस ठेवायचेच असतील तर अवश्य ठेवावेत. अंबाड्यासारखी झटपट गोष्ट नाही आणि त्यावर गजरा खुलतोही. फक्त तो सैल आणि मानेजवळ असावा. रोज घट्ट ओढून बांधल्याने कपाळाकडचे आणि कानशिलाजवळचे केस मुळापासून जातात. ग्रीनलंडमधल्या स्त्रियांच्या घट्ट केशरचनेमुळे असे होते, याची नोंद १९०७ मध्येच झाली आहे. ही झीज सुरुवातीला भरून येते, वर्षानुवर्षे चालू राहिली तर येत नाही. अंबाडा सोडल्यावर डोके दुखत असेल तर तो घट्ट आहे, एवढे समजावे.

आणि काही तक्रारी पार्लरच्या नाहीतच. एकाएकी मूठ-मूठ केस गळू लागले तर दोन-तीन महिन्यांपूर्वीचा ताप, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटवलेले वजन आठवावे आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता; त्या देशात केसगळतीवर पहिले औषध शॅम्पू असू नये. बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण त्या थायरॉइडच्या अहवालात घोळ करतात. टाळूवर केस गेलेले गुळगुळीत चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जावे.

पार्लरमध्ये जाताना केस धुऊन, नुसते वाळवून, इस्त्री न करता जावे, म्हणजे कापणारीला त्यांचे खरे वळण दिसेल. मोबाइलमधला नटीचा फोटो दाखवण्याआधी सकाळी केसांना किती मिनिटे देता येतात, हे सांगावे. धीर होत नसेल तर पहिल्या खेपेला चार बोटेच कापून घ्यावेत. चुकले तरी चार बोटे सात-आठ महिन्यांत परत येतात.