सुई दोन बोटं वर गेली, त्याची भरपाई कोण देणार?

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार,
विधानसौध, बेंगळुरू



भालकी तालुक्यातल्या आमच्या गल्लीतल्या एका काकूंना कापणीत विळा लागला. सरकारी दवाखान्यात धनुर्वाताची लस मिळाली, फुकट आणि वेळेवर. त्याच रात्री उजवा खांदा ठणकायला लागला. तक्रार केली तर 'दुखतंच थोडं' म्हणून गोळ्या दिल्या. आता हात कानापर्यंतही जात नाही. वेणी सून घालते, पदर त्या डाव्या हाताने सावरतात. तुरीचा अख्खा हंगाम गेला, त्यासोबत रोजगारही.

लसीला माझा विरोध नाही. बाळंतीण आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन देशात २०१५ साली जाहीर झालं, त्यात लसीचा मोठा वाटा आहे. माझं गाऱ्हाणं टोचण्याच्या जागेचं आहे. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या जाड स्नायूत सुई जायला हवी. पोलक्याची घट्ट बाही वर सरकत नाही, मग गळ्याकडून कापड ओढून खांदा उघडा करतात आणि जागा चुकते. औषध सांध्यालगतच्या नाजूक पिशवीत उतरलं, की सूज धरते आणि खांदा महिनोन्महिने आखडतो. बाहेर रांग लागलेली असताना सिस्टरचा हात घाई करतो, हेही मला कळतं. म्हणून तिला शिक्षा व्हावी असं मी म्हणत नाही.

अमेरिकेत लसीच्या नुकसानभरपाईची सरकारी योजना १९८८ पासून आहे. लसीच्या प्रत्येक मात्रेवर तिथे छोटा कर बसतो, त्यातून पैसे दिले जातात. खांद्याची ही दुखापत २०१७ साली त्यांच्या यादीत आली. लस घेतल्यापासून ४८ तासांत दुखणं सुरू झालं आणि सहा महिन्यांहून जास्त टिकलं, तर कुणाची चूक होती हे अर्जदाराला सिद्ध करावं लागत नाही.

आपल्याकडे कोविड लसीनंतरच्या मृत्यूंच्या खटल्यात केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं, की भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात जावं. ग्राहक आयोग हा दुसरा मार्ग. पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, असा दवाखाना ग्राहक कायद्याखाली येत नाही, हे त्याच न्यायालयाने १९९५ साली ठरवलेलं आहे. म्हणजे पैसे मोजून खासगीत लस घेणाऱ्याला तो दरवाजा उघडा आणि काकूंना बंद. राहिलं दिवाणी न्यायालय, नाहीतर उच्च न्यायालयाचं कलबुर्गी खंडपीठ. वकिलाची फी, जाण्यायेण्याचं भाडं आणि प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी रोजंदारीवरच्या बाईने कुठून आणायची?

साहेब, भरपाईचा कायदा दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल. तुमच्या हातातलं तेवढं आज करा. लसीनंतर आखडलेल्या खांद्याची नोंद प्रत्येक केंद्रात लेखी घ्या आणि तिची प्रत रुग्णाला द्या. कागदच नसेल तर पुढे कुठलंही न्यायालय काय करणार? औराद, बसवकल्याण, आळंदच्या माणसाने मराठीत लिहिलेला अर्जही स्वीकारा. घटनेच्या कलम ३५० ने तो हक्क दिलेला आहे. बिदर आणि कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत अशा खांद्यांची हाडांच्या डॉक्टरांकडून मोफत तपासणी करा. आणि चूक सिद्ध करायला न लावता बुडालेली मजुरी भरून देणारा निधी राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात ठेवा.

आपला,
भालकी तालुक्यातील एक नागरिक