चंदन कुणाच्या घरचे?

कल्याण पूर्वेच्या आमच्या वस्तीतील एका मुलीला शाळेत 'माझे बाबा' हा निबंध लिहायचा होता. बाबा रेल्वेत गँगमन. तिने लिहिले, 'माझे बाबा रुळाखालच्या स्लीपरसारखे आहेत. वरून कितीही गाड्या गेल्या तरी जागचे हलत नाहीत.' वही तपासून आली तेव्हा या ओळीवर लाल रेघ होती. शेजारी लिहिले होते, 'चंदनासारखे झिजतात, असे लिही.' मुलगी वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, चंदन कसं असतं?" तिच्या घरात चंदनाचे खोड कधी आलेच नव्हते. स्लीपर मात्र ती रोज पाहत होती.

ही बाब क्षुल्लक वाटेल. आम्हाला ती तशी वाटत नाही. कारण ती लाल रेघ एका शिक्षकाची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांच्या मराठी कथा-कादंबरीने ती त्यांच्या हातात दिली आहे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा जुन्या ग्रंथालयांतून आमच्यापैकी अनेकांनी कादंबऱ्या आणून वाचल्या. त्यांतला पुरुष आठवून पाहा. तो सज्जन असेल तर चंदन, कापूर, समईची ज्योत. वरून कठोर नि आतून प्रेमळ असेल तर नारळ किंवा फणस. कपाळ भव्य, नाक तरतरीत, वर्ण गोरा, आणि गोऱ्या वर्णातच त्याचे शीलही आलेच! दुर्जन असेल तर कोळसा, साप, घुबड. आणि गड्यामाणसाचे वर्णन आले की तो काळाकभिन्न, पहाडासारखा आणि कुत्र्यासारखा इमानी. मालकाला मन असते, गड्याला फक्त शरीर असते. मालकाच्या स्वभावाला देवघरातली उपमा आणि गड्याच्या स्वभावाला गोठ्यातली, ही विभागणी आपोआप झाली काय?

वि. स. खांडेकरांची भाषा तर उपमा-रूपकांसाठीच प्रसिद्ध. गरिबांविषयी त्यांना कळवळा होता, हे आम्ही नाकारत नाही. परंतु लेखक जे पाहतो त्यातूनच उपमा उचलतो. ज्या घरात देव्हारा, सहाण आणि तुळशीवृंदावन होते त्या घरातून उपमा आल्या. महारवाड्यातून आली ती 'गाव तिथे महारवाडा' ही म्हण! चांगल्यासोबत वाईट असायचेच, हे सांगायला आमची वस्ती वापरली गेली. अख्ख्या समाजाचे घर वाईटपणाचे रूपक झाले आणि कुणाला त्यात काही खटकले नाही.

उपमा हा भाषेचा दागिना आहे, असे शाळेत शिकवतात. आम्ही म्हणतो, उपमा हा निवाडा आहे. पुरुषसूक्त आठवा. ब्राह्मण मुख, क्षत्रिय बाहू, वैश्य मांड्या आणि शूद्र पायांपासून. हे एक रूपकच होते ना? पण त्या रूपकाचा कायदा झाला आणि त्या कायद्याखाली पिढ्यान्पिढ्या चिरडल्या गेल्या. म्हणूनच बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात पुरुषसूक्ताची कठोर चिकित्सा केली.

उपमा माणसाला पाहून लागत नाही, जात पाहून लागते, हे बाबुराव बागूलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या कथेत दाखवून दिले. रेल्वेत नोकरीला गेलेला तरुण. जात ठाऊक नसते तोवर तो कवी, तो विद्वान. जात कळते आणि त्याच माणसाला मार खावा लागतो. माणूस तोच, बुद्धी तीच, शील तेच. बदलले फक्त बघणाऱ्याच्या तोंडातले विशेषण. कल्याण-डोंबिवलीच्या कामगार वस्त्यांत राहणाऱ्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

अण्णा भाऊ साठेंनी तर उपमेचे सारे घरच बदलले. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावरून उचलली आणि दलित-श्रमिकांच्या तळहातावर ठेवली. पुढच्याच वर्षी आलेला 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केला. मातंग समाजातला माणूस त्यात नायक आहे, आणि त्याचा मोठेपणा गोऱ्या वर्णात नाही, उपाशी माणसांसाठी प्राण पणाला लावण्यात आहे.

आता थोडे आपल्याकडेही बघू. अण्णा भाऊंच्या 'वारणेचा वाघ' मधला सत्तू अन्यायाशी झुंजून वाघ ठरतो. आणि आमच्या नाक्यावरचे फलक? ज्याचा वाढदिवस तो ढाण्या वाघ! गटारीचे पाणी घरात शिरले तेव्हा हे वाघ कुठे होते, हे विचारायची सोय नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले. पोकळ उपमा हे त्या भक्तीचे पहिले पाऊल आहे. त्यांनी आम्हाला कुत्रा म्हटले हे जितके खोटे, तितकेच आम्ही कुणालाही वाघ म्हणणे खोटे.

२०१० साली ठाण्यात ८४ वे साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष उत्तम कांबळे होते. २०१७ साली डोंबिवलीत ९० वे झाले. मांडव उठले, पण वहीतली लाल रेघ उठली नाही. ती पुसण्याचे काम आपले आहे. विहारांतून, अभ्यासिकांतून मुलांना जुन्या कादंबऱ्या जरूर वाचायला द्या, त्या जाळू नका, टाळू नका. फक्त प्रत्येक उपमेपाशी थांबून विचारायला शिकवा : ही कुणाच्या घरातून आली? कुणाला दिली? कुणाला नाकारली?

त्या मुलीला आम्ही सांगितले, "तुझी ओळ बरोबर आहे, खोडू नकोस." तिने लाल रेघेखाली तीच ओळ पुन्हा लिहिली, पहिल्यापेक्षा ठळक अक्षरात. तिच्या बाबांच्या शीलाला दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातून चंदन उसने आणायची गरज नाही.