दम नजरेने मोजू देऊ नका



या पानावर आपण भावाबद्दल बोलतो, कर्जाबद्दल बोलतो, विजेबद्दल बोलतो. आज छातीतल्या दमाबद्दल बोलायचे आहे. हा काय संघटनेचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

खरेदी केंद्रावरचा प्रसंग आठवा. ग्रेडर गाडीतला कापूस मुठीत दाबतो आणि तुमच्याकडे न पाहताच म्हणतो, 'ओला आहे, गाडी बाजूला घ्या.' आपण ऐकून घेतो का? नाही. आपण म्हणतो, 'ओलावा मोजायचे यंत्र लाव. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी, हा तुमचाच नियम आहे. आकडा दाखव.' एवढे बोलायला आपण अनेक वर्षांच्या आंदोलनात शिकलो.

तोच शेतकरी धाप लागते म्हणून दवाखान्यात जातो. डॉक्टर मान वर न करता सांगतात, 'वय झाले, आता असे होणारच.' आणि आपण हात जोडून बाहेर येतो. तिथे आकडा मागायचे आपल्याला सुचत नाही.

मलाही सुचले नव्हते, आणि मी कृषी पदवीधर आहे. माझ्या आईने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. पण चाळीस वर्षे ती पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे बसली. ज्वारीच्या मळणीत तोंडाला पदर बांधून कुस उडवली. साठी ओलांडल्यावर तिला विहिरीवरून घरी येताना थांबावे लागू लागले. तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरांकडे आम्ही चार वर्षे जात होतो. दर वेळी तोच प्रश्न, 'बिडी ओढता का?' 'नाही.' 'मग काही नाही.' एक इंजेक्शन, खोकल्याची बाटली, कधी सलाइन. एकदा आई म्हणाली, 'डाक्टरसाहेब, जिना चढताना जीव जाते.' ते हसून म्हणाले, 'मग चढू नका.' मी शेजारीच उभा होतो. मीही हसलो. ते हसणे आजही मला टोचते.

पुढे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीने तिला एका नळीत जोराने फुंकायला लावले. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती पडते, हे यंत्र मोजते. श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध ओढायला देऊनही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर श्वासनळ्या कायमच्या आवळल्या आहेत असे समजतात. या आजाराचे नाव सीओपीडी. आईची एका सेकंदातली हवा तिच्या वयाच्या, तिच्या उंचीच्या निरोगी बाईच्या ४२ टक्के निघाली. चार वर्षे 'काही नाही' होते, ते हे.

हा आजार फक्त बिडी-सिगारेटवाल्यांचा, ही समजूत जुनी झाली. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीविषयीच लेख लिहिला. चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ, लहानपणची फुफ्फुसाची दुखणी आणि बरा झालेला क्षयसुद्धा याला कारण होतो. जिनिंगमध्ये राबणाऱ्यांना कापसाच्या धुळीने छाती आवळण्याचा आजार होतो, हे १९४८ च्या कारखाना कायद्यानेही मान्य केले होते. कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत तो होता. भारतात २०१६ साली सीओपीडीचे साडेपाच कोटींच्या आसपास रुग्ण असल्याचा अंदाज आहे. २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसे याने दगावली. तेव्हा 'वय झाले' हे उत्तर होऊ शकत नाही.

डॉक्टरांना शिव्या देण्यासाठी मी हे लिहीत नाही. मी स्वतः तेच केले आहे. नोकरीत असताना एक शेतकरी सांगत आला, मोठ्या पावसानंतर कपाशी एकाएकी माना टाकते आहे. मी खुर्चीतूनच सांगितले, मूळकूज असेल, औषध टाका. तो म्हणाला, 'साहेब, एक झाड तरी उपटून पाहा.' मी गेलो नाही. मूळ चांगले होते. ती आकस्मिक मर होती. साचलेले पाणी त्याच दिवशी काढून दिले असते तर बरीच झाडे उभी राहिली असती. त्याला झाडाची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती, पण शब्द माझ्याकडे होते. दवाखान्यात हेच होते. ओपीडीत रांग लागलेली, यंत्र नाही, आणि समोरची बाई तक्रार कमी करून सांगते. डॉक्टर अंदाजाने मोकळा होतो.

म्हणून आपण आपली तक्रार मोजून सांगायला शिकले पाहिजे. 'दम लागतो' एवढेच सांगू नका. 'सपाट रस्त्यावर शंभर पावलांत थांबावे लागते, गेल्या दिवाळीला थांबावे लागत नव्हते,' असे सांगा. खोकला किती महिन्यांचा, बेडका कोणत्या रंगाचा, चुलीपुढे किती वर्षे, जिनिंगमध्ये किती हंगाम, क्षय होऊन गेला का, हे वहीच्या एका पानावर लिहून न्या. सोबत घरचे माणूस न्या, आणि त्याने माझ्यासारखे हसू नये. मग सरळ विचारा: 'फुंकायची तपासणी कुठे होईल? चिठ्ठी द्या.' एक्स-रे साफ आला तरी हा आजार असू शकतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडक्याची क्षयासाठी तपासणीही करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. एक डॉक्टर ऐकत नसेल तर दुसऱ्याकडे जाण्यात बेइमानी नाही.

खरे तेही सांगतो. गेलेले फुफ्फुस परत येत नाही, जशी वाहून गेलेली माती परत येत नाही. पण उरलेले राखता येते. धूर तोडणे हे पहिले काम: बिडी बंद, चूल उघड्यावर किंवा गॅसवर. ओढायच्या पंपाची सवय लागते, ही खोटी भीती आहे. औषध थेट छातीत जाते म्हणून मात्रा थोडी पुरते. पण तो ओढायचा कसा, हे डॉक्टरांसमोर ओढून दाखवा. चुकीचा ओढला तर औषध घशातच राहते. झटपट आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहा. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते आणि ते वर्षानुवर्षे घेतले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. खाटेवर पडून राहू नका, झेपेल तेवढे रोज चाला. ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू सोडला की धाप बसते. ओठ निळे पडले, किंवा एक वाक्य पुरे बोलता येईना, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

आता संघटनेचे काम. २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत साल्ब्युटामॉल, बुडेसोनाइड, टायोट्रोपियम ही ओढायची औषधे आहेत. यादी दिल्लीत छापली, आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात काय आहे ते पाहायला कोण जाणार? आपणच. या जिल्हा बैठकीत मी ठराव मांडतो: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमेट्रीचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस हवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात ओढायची औषधे बारमाही हवीत, आणि जिनिंगच्या मजुरांची दरवर्षी छातीची तपासणी व्हावी. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या केंद्राचे कपाट पाहून काय आहे, काय नाही, ते लिहून आणावे.

माझी आई आता पंप ओढते. घरून मारुतीच्या पारापर्यंत जाते. पूर्वी चारदा थांबे, आता दोनदा थांबते. ती चार वर्षे वाचली असती तर कदाचित थांबावेच लागले नसते.