९० मीटरची शिडी आहे, मग उंच इमारतीतली आग विझवणं इतकं अवघड का?

उंच इमारतीत आग लागली की सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरतो: शिडी कुठे होती? मुंबई अग्निशमन दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे, म्हणजे साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत. त्यावरच्या मजल्यांचं काय, हा पुढचा प्रश्न.

आधी बातमीतले शब्द समजून घेऊ. 'फायर इंजिन' म्हणजे पंप आणि पाणी असलेला नेहमीचा बंब. 'जंबो टँकर' त्याला पाणी पुरवतो. रेस्क्यू व्हॅनमध्ये लोखंड कापणारे हायड्रॉलिक कटर, दबलेलं दार फाकवणारे स्प्रेडर, धुरात माणूस शोधणारा थर्मल कॅमेरा असतो. जवानाच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा साधारण अर्धा-पाऊण तास पुरते. जिने चढताना दम लागला की त्याहूनही कमी.

शिडीची गाडी मात्र हट्टी. पाय पसरून उभं राहायला तिला मोकळी, पक्की जागा लागते. म्हणूनच राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतीभोवती किमान ६ मीटर मोकळी जागा आणि ४५ टन भार पेलणारी जमीन सांगितली आहे. आपण तिथे गाड्या पार्क करतो.

जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या नऊमजली एमटीएनएल इमारतीतून ८४ जणांना सुखरूप काढलं, त्यात शिड्यांचा मोठा वाटा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या अविघ्न पार्कमध्ये १९व्या मजल्यावरून लटकलेला सुरक्षारक्षक खाली पडून मरण पावला. हिशेबाने तो मजला ९० मीटरच्या आतच येतो. पण अशा वेळी हातात काही मिनिटंच असतात.

आणि पाण्याचं काय? दर १० मीटर चढायला साधारण एक बार दाब खर्च होतो. त्यामुळे वरच्या मजल्यांवर बंबाचं पाणी इमारतीच्याच उभ्या पाइपमधून, म्हणजे रायझरमधून न्यावं लागतं. तो गंजलेला असेल, व्हॉल्व्ह बंद असेल, तर खाली दहा बंब उभे राहूनही उपयोग नाही. अशा वेळी नुसती शिडीची उंची मोजणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याखाली ही यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी दिलं गेलं, हे सेक्रेटरींना विचारता येईल.