घरचा कारागीर : तडकलेले प्लॅस्टिक जोडताना

बादलीला किंवा गच्चीवरच्या टाकीला तडा गेला, की तापवलेली सुरी फिरवून तो बुजवायचा, हा बहुतेक घरांतला उपाय. पण त्याने वरचा पापुद्राच वितळतो आणि चार दिवसांत सांधा पुन्हा उलतो. पक्के काम होते ते गरम हवेच्या वेल्डिंगने. त्याचे मर्म एकच : प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायचे, तर दोन्ही एकाच जातीचे हवे.

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. २ म्हणजे एचडीपीई, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन. आकडा नसेल तर तशाच फुटक्या वस्तूची पट्टी कापून ती भर म्हणून वापरा. जात चुकण्याची भीती नाही.

साहित्य : उष्णता कमी-जास्त करता येणारी हीट गन, तिला ५ मिलिमीटरचे अरुंद तोंड, ३ ते ४ मिलिमीटर जाडीची भरकांडी, ड्रिल आणि धारदार खरवडणी. गन १५०० ते २००० वॅटची असते, म्हणून ती १६ ॲम्पिअरच्या पॉवर प्लगलाच लावा.

तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडा. तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच खरवडा, स्वच्छ पुसा, कोरडी करा. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीनसाठी सुमारे ३०० अंश सेल्सिअसची हवा लागते. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. हवा कांडी आणि खाच दोन्हींवर सारखी हलवत ठेवा. दोन्ही चकाकू लागले की कांडी उभी धरून दाबत पुढे न्या. तपकिरी रंग आला तर प्लॅस्टिक करपले. सांधा आपोआप निवू द्या, पाणी ओतू नका.

काम मोकळ्या हवेत करा आणि मुलांना दूर ठेवा. करपलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा घसा व डोळे जाळणारा वायू निघतो. पेट्रोल किंवा थिनर ठेवलेल्या डब्याला तर गरम हवा कधीच लावू नका, भडका उडेल. काम झाल्यावर गन थोडा वेळ थंड हवेवर चालवून मगच बंद करा.

टाकी उन्हाने पांढुरकी, ठिसूळ झाली असेल, तर मात्र दुरुस्तीच्या फंदात पडू नका. सांधा टिकला तरी शेजारी नवा तडा जातो. भरलेली टाकी गच्चीवर फुटण्यापेक्षा नवी टाकी स्वस्त.