अंग दुखतंय? आधी झोपेची चौकशी करा

"सगळं अंग ठणकतंय गं," हे वाक्य आपल्या घरांत इतक्यांदा ऐकू येतं की ते कुणी मनावरच घेत नाही. सासूबाई म्हणतात, वाताचं असेल. नवरा म्हणतो, रिपोर्ट तर नॉर्मल आलेत, उगाच विचार करत बसू नकोस. मग ती बाई एक वेदनाशामक गोळी घेते आणि कणीक मळायला बसते.

मैत्रिणींनो, अशा दुखण्याला एक नाव आहे. फायब्रोमायल्जिया. महिनोन् महिने अंगभर दुखणं, थकवा, विसराळूपणा आणि रात्रभर झोपूनही सकाळी ताजंतवानं न वाटणं, ही त्याची लक्षणं. रक्ततपासणीत किंवा एक्स-रेमध्ये ते दिसत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये त्याचं निदान जास्त होतं.

या दुखण्याचं झोपेशी जवळचं नातं आहे. १९७५ साली टोरांटोच्या डॉ. हार्वे मोल्डोफस्की यांनी निरोगी माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडून पाहिली. सकाळी त्या धडधाकट माणसांचंही अंग दुखू लागलं! पुढे २००४ साली अमेरिकेत फायब्रोमायल्जिया असलेल्या २८ बायकांची झोप तपासली, तेव्हा त्यांतल्या २७ जणींच्या श्वासात झोपेत अडथळा येत असल्याचं आढळलं. बहुतेकींचा श्वास थांबत नव्हता, फक्त घशाशी अडखळत होता.

होतं असं की, झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट अरुंद होते. श्वास ओढायला जोर लागला की मेंदू क्षणभर जागा होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, पण गाढ झोप मात्र रात्रभर तुटत राहते. काहींचा श्वास मधेमधे चक्क थांबतो, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा धोका वाढतो.

अर्थात, २८ हा आकडा लहान आहे. प्रत्येकीचं दुखणं श्वासामुळेच असतं, असं कुणी समजू नये. पण निदान ही शक्यता तपासायला काय हरकत आहे?

हरकत आहे ती लाजेची. बचत गटाच्या एका बैठकीत मी विचारलं, "कोण कोण घोरतं?" सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या, हात एकीनेही वर केला नाही. निघताना मात्र दोघी हळूच बाजूला येऊन म्हणाल्या, "ताई, पोरं हसतात हो आम्हाला." पुरुष घोरला तर दमून आला असेल, आणि बाई घोरली की चेष्टा! शिवाय प्रत्येकच बाई मोठ्याने घोरते असंही नाही. बऱ्याच जणी फक्त थकवा, सकाळची डोकेदुखी किंवा झोप लागत नाही एवढंच सांगतात. मग झोपेची गोळी लिहून मिळते. अशा काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो आणि श्वासाचा त्रास वाढू शकतो. म्हणून शेजारणीची गोळी मागून घेणं तर अजिबात नको.

डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी झोपते, पण झोप लागल्यासारखी वाटत नाही." हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. शंका वाटली तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेची तपासणी आता काही ठिकाणी घरीही करता येते. ॲप्निया निघालाच, तर झोपताना मुखवट्यातून हवा देणारं सीपॅप यंत्र, वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, असे उपाय आहेत. फायब्रोमायल्जियासाठी हळूहळू वाढवलेला व्यायामही उपयोगी पडतो.

यंत्राचा खर्च थोडा नाही, हे मला कळतं. पण डॉक्टरांशी बोलायला, घरच्यांना विचारायला पैसे पडत नाहीत. घरात सगळ्यांच्या शेवटी निजायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं, याला आपण संसार म्हणत आलो. त्यात उरलेली चार तासांची झोपही धड होत नसेल, तर अंग दुखणारच. बाईच्या दुखण्याला 'मनाचे खेळ' म्हणण्याआधी तिच्या झोपेची चौकशी व्हायला हवी. आणि तिनेही ती सांगायला लाजू नये.