पराभवाचें ऋण

दिवाळी उलटल्यावर चार दिवस हवापालट व्हावा म्हणून आम्ही सहकुटुंब सूर्यमाळ येथें गेलों होतों. जव्हार मागें टाकून मोखाड्याच्या डोंगरांत शिरलें कीं हवा गार होते. नागली-वरईचीं शेतें कापून झालेलीं असतात, आणि याच सुमारास तिकडील पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं वीटभट्ट्यांकडे व शहरांकडे निघून जातात. मागें राहिलेलीं मुलें एका मोकळ्या शेतांत क्रिकेट खेळत होतीं. बांधावर चाळिशींतील एक गृहस्थ बसले होते. त्यांचा एक पाय अधू होता. दर षट्कानंतर ते एखाद्या मुलास जवळ बोलावीत, हलक्या आवाजांत कांहीं सांगत आणि परत धाडीत.

आमच्या पुतण्यानें विचारलें, “काका, ज्यांना आतां खेळतां येत नाहीं, त्यांनीं तेथें बसून काय मिळवायचें?”

प्रश्न बांधावरच्या गृहस्थांविषयीं असला, तरी त्याचें मूळ निराळें होतें. यंदा महाविद्यालयाच्या संघांतून चिरंजीवांना वगळण्यांत आलें होतें, आणि तेव्हांपासून त्यांची बॅट माळ्यावर पडली होती. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं त्यास जी हकीकत सांगितली, तीच आज वाचकांस सादर करीत आहोंत.

चंद्रकांत पंडित हे मुंबईचे यष्टिरक्षक, शिवाजी पार्कवरील रमाकांत आचरेकरांचे शिष्य. भारताकडून ते पांच कसोटी व छत्तीस एकदिवसीय सामने खेळले. पुढें ते मध्य प्रदेशाकडून खेळूं लागले, आणि १९९९ सालीं त्यांच्या नेतृत्वाखालीं तो संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत पोंचला. बंगळूरच्या मैदानावर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावांत ७५ धांवांची आघाडीहि मिळाली. परंतु दुसरा डाव १५० धांवांत आटोपला आणि हातचा सामना ९६ धांवांनीं गेला. पूर्वींच्या होळकर संघानें १९५२-५३ सालीं शेवटचा करंडक जिंकला होता; मध्य प्रदेश या नांवानें तर तो कधींच मिळाला नव्हता. कर्णधाराच्या मनांत तें शल्य राहून गेलें.

खेळणें संपल्यावर पंडितांनीं शिकविण्याचें काम पत्करलें. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं मुंबईनें २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ या वर्षीं करंडक जिंकला. परंतु जानेवारी २०१७ मध्यें इंदूर येथें मुंबईचा संघ गुजरातकडून अंतिम सामना हरला, आणि पुढें तें काम त्यांच्या हातून गेलें. ते विदर्भाकडे गेले. वर्षभरानें त्याच इंदूरांत विदर्भानें दिल्लीस हरवून आपला पहिला करंडक मिळविला, आणि पुढील वर्षीं तो राखलाहि.

२०२० सालीं मध्य प्रदेशानें त्यांना बोलाविलें. जून २०२२ मध्यें त्यांचा संघ पुन्हां अंतिम सामन्यांत होता. मैदान तेंच बंगळूरचें, आणि समोर त्यांची स्वतःची मुंबई! मुंबईनें ३७४ धांवा केल्या. मध्य प्रदेशानें ५३६ धांवांनीं उत्तर दिलें, आणि शेवटच्या दिवशीं सहा गडी राखून सामना जिंकला. तेवीस वर्षांनीं त्याच भूमीवर पंडितांच्या डोळ्यांस धारा लागल्या.

येथें पुतण्यानें मार्मिक शंका काढली : “म्हणजे त्यांनीं आपलें कर्ज दुसऱ्यांच्या पोरांकडून फेडून घेतलें?”

ही शंका प्रत्येक वडीलधाऱ्यानें स्वतःस विचारण्याजोगी आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत आजोबांची राहिलेली पदवी नातवाच्या माथीं बसते, ती याच वृत्तीनें. पंडितांची शिस्तहि कडकच. २०२३ पासून ते कलकत्त्याच्या आय.पी.एल. संघाचे मार्गदर्शक होते, तेव्हां त्यांची लष्करी शिस्त आपल्या कांहीं सहकाऱ्यांस रुचली नाहीं, असें एका परदेशी खेळाडूनें उघड बोलून दाखविलें होतें. तरी २०२४ सालीं त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. कडकपणानें यश येतें तसें मनहि दुखावतें. दोन्हीं गोष्टी खऱ्या.

पण बंगळूरच्या त्या विजयी संघांतील एक फलंदाज १९९९ सालीं जन्मलाहि नव्हता. त्या मुलांना जुन्या पराभवाशीं कर्तव्य नव्हतें. त्यांना स्वतःचा करंडक हवा होता. पंडितांजवळ होती ती हरलेल्या माणसाची जाण : आघाडी हातीं असतांनाहि डाव कोठें निसटतो याची. तीच त्यांनीं दिली. अमेरिकेंतील बेसबॉलमध्यें व्यवस्थापक कितीहि वयस्क झाला तरी संघाचाच पोशाख घालून बसतो. परंतु फळी हातांत घेऊन मैदानांत उतरत नाहीं. वडीलपणाची मर्यादा याहून सोप्या रीतीनें आम्हांस सांगतां येणार नाहीं. शिकवावें, सावध करावें, आणि चेंडू पडतेवेळीं बांधावर बसून राहावें.

पुतण्या यावर कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मात्र तो त्या शेताच्या बांधावर, त्या गृहस्थांच्या शेजारीं जाऊन बसला. अंधार पडेपर्यंत दोघे काय बोलत होते, कोण जाणे. घरीं परतल्यावर बॅट माळ्यावरून खालीं आली कीं नाहीं, हें आम्हीं मुद्दामच विचारलेलें नाहीं.